मॉन्सचं मुंडानेअम आणि रद्दीत गेलेली कार्डं

ग्रंथसखी | रविवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. सध्या लेकीकडे ब्रसेल्सला आहे. नात चार महिन्यांची, त्यामुळे फिरणं बेताचंच. पण मागच्या शनिवारी जावई म्हणाले, "आई, तुम्हाला एक जागा दाखवायचीच आहे," आणि मॉन्स नावाच्या गावी घेऊन गेले. तिथून आल्यापासून मन तिथेच अडकलंय.

जागेचं नाव मुंडानेअम. माणसांनी ज्ञान कसं गोळा केलं, कसं लावून ठेवलं आणि विचारणाऱ्याच्या हाती नेमकं कसं दिलं, याच्या इतिहासाचं हे संग्रहालय. मी अठ्ठावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल होते, तेव्हा माझं काय झालं असेल बघा. आत शिरल्यावर मधोमध भलामोठा पृथ्वीगोल आणि भिंतींना वरपर्यंत लाकडी खण. खणच खण. कार्ड पाहिलं आणि माप लगेच ओळखलं: साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर. आमच्या ग्रंथालयातली पुस्तकांच्या नोंदींची कार्डंही ह्याच मापाची.

हे उभं केलं पॉल ओत्ले आणि आन्री ला फोंतेन या दोघांनी. दोघेही ब्रसेल्सचे वकील. १८९५ साली त्यांनी मनावर घेतलं की जगात छापल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची, लेखाची नोंद एकेका कार्डावर करायची आणि सगळी कार्डं विषयवार लावायची. त्याच वर्षअखेर चार लाख कार्डं झालीसुद्धा. पुढे आकडा एक कोटी वीस लाखांच्या घरात गेला. काम कसं चालायचं ते आमच्या व्यवसायातल्या माणसाला लगेच कळेल. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांच्या छापील सूच्या मिळवायच्या, त्यातली एकेक नोंद कापायची, कार्डावर डकवायची, वर्गांक म्हणजे विषयाचा ठरलेला आकडा घालायचा, खणात जागच्या जागी लावायची. जुन्या फोटोंत या खणांपाशी काम करणाऱ्या बायका दिसतात. त्या फोटोंपुढून माझा पाय निघेना. कार्ड चुकीच्या जागी गेलं की ते पुस्तक मेलं, हे त्यांनाही कुणीतरी पहिल्या दिवशी सांगितलं असणार. मला माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं होतं.

कुणीही पत्र टाकून विचारायचं, अमक्या विषयावर काय काय छापलंय? मग इथून त्या विषयाच्या नोंदी उतरवून पाठवायच्या. १९१२ च्या सुमारास वर्षाला दीड हजारांवर अशा विचारणा येत.

पुढची हकीकत वाचताना जीव तुटतो. ला फोंतेन यांना १९१३ चं शांततेचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. ओत्लेंचा मुलगा जाँ १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेला. तरी हे थांबले नाहीत. राष्ट्रांना एकमेकांचं ज्ञान कळलं तर युद्ध टळेल, असं दोघांना मनापासून वाटायचं. १९२० मध्ये ब्रसेल्सच्या सँकांतनेर पॅलेस या प्रदर्शनांसाठीच्या इमारतीत जागा मिळाली, ती १९३४ मध्ये सरकारनेच बंद केली. १९४० मध्ये जर्मन आले, त्यांना आपल्या कलेचं प्रदर्शन मांडायला दालनं हवी होती. ६३ टन पुस्तकं आणि कागद नष्ट झाले. उरलेलं एका जुन्या इमारतीत हलवलं. ला फोंतेन १९४३ मध्ये गेले, ओत्ले १९४४ मध्ये. १९६८ मध्ये बॉइड रेवर्ड नावाचा ऑस्ट्रेलियन अभ्यासक तिथे पोचला, तेव्हा ओत्लेंची खोली कोळिष्टकांनी भरलेली, कागदांचे ढीग तसेच. त्यानंतरही सामान इथून तिथे हलतच राहिलं. १९९३ मध्ये ते मॉन्सला आलं आणि १९९८ मध्ये संग्रहालय उघडलं. २०१३ मध्ये ही कार्डसूची युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली.

आता धागा काढायचं खरं कारण. आमच्या कॉलेजात संगणकीकरण झालं तेव्हा कार्डांचं कपाट काढायचं ठरलं. कपाट जडवस्तू नोंदवहीत होतं, म्हणून त्याच्या निर्लेखनाला, म्हणजे ते वहीतून कमी करायला, समितीची बैठक, ठराव, तीन दरपत्रकं, सगळं सोपस्कारानं झालं. कार्डं मात्र कुठल्याच वहीत नव्हती. पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, खुर्चीला असतो, पंख्याला असतो. कार्डाला नसतो. त्यामुळे त्यांना ठराव लागला नाही. मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर पोत्यात भरून रद्दीत गेली होती. बावीस हजारांवर कार्डं, त्यातली निम्मीअधिक माझ्या आणि माझ्या आधीच्या बाईंच्या अक्षरातली.

संगणकात नोंदी चढवल्या होत्या ना, असं तेव्हाही विचारलं गेलं. चढवल्या होत्या: नाव, लेखक, किंमत, दाखल क्रमांक. कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं काही चढलं नाही. "प्रकरण ४ मध्ये आपल्या तालुक्यातल्या १९७२ च्या दुष्काळाची माहिती आहे," असं बाई लिहून ठेवायच्या. ते कुणाला विचारणार आता?

मॉन्सला समोर एक अख्खी इमारत सूचीसाठी उभी बघितली आणि रडू आवरेना. तुमच्या ओळखीच्या ग्रंथालयांत कार्डं आहेत का अजून? कुणी जपलीत का? कृपया लिहा.

---

अमेय_७७ | रविवार, दुपारी १२:१५

ताई, फार आतून लिहिलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ओत्लेंचं नाव आमच्याकडे वेबच्या पूर्वजांत घेतलं जातं. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथात एका टेबलाचं वर्णन आहे: टेबलावर एकही पुस्तक नाही, फक्त पडदा आणि टेलिफोन, पुस्तकं लांब कुठेतरी इमारतीत, आणि मागितलेलं पान पडद्यावर उमटतं. जागा बंद झाली त्याच साली हे छापून यावं, हे वाचून कसंतरी झालं. पुस्तकाची पानं फोटोच्या फिल्मवर बारीक करून साठवायची कल्पना तर त्यांनी रॉबर्ट गोल्डश्मिड्टबरोबर १९०६ मध्येच मांडली होती.

एक शंका मात्र खरंच विचारावीशी वाटते. आज शब्द टाकला की हजार निकाल येतात. पुस्तकाचा मजकूरच शोधता येत असेल, तर माणसाने बसून वर्गांक देण्याची गरज कितपत उरते? तुमची कार्डं गेल्याचं दुःख समजतं, पण पद्धत म्हणून ती जपायला हवी का?

---

ग्रंथसखी | रविवार, दुपारी ३:०५

अमेय, चांगलं विचारलंत. उदाहरणच देते. आमच्याकडे शेतकरी घरातली मुलं फार. एक मुलगा आला, "मॅडम, भातावर काय आहे?" आता मराठीत शब्द टाकून बघा. "भात" टाकलं तर मसालेभात, साखरभात, दहीभात. कोकणातल्या लेखकाने भातच लिहिलेलं असतं, मावळातल्याने साळ, विदर्भातल्याने धान. शेतकी खात्याच्या पुस्तिकेत तांदूळ. इंग्रजी पुस्तकात राइस. पाच ठिकाणी पाच शब्द, पीक एकच.

ओत्लेंनी अमेरिकन ग्रंथपाल ड्यूईचं दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयांना आकडे देण्याची पद्धत, घेऊन त्यावर जे वाढवलं, ते सार्वत्रिक दशांश वर्गीकरण, १९०५ च्या सुमारास छापलं गेलं आणि अजून जगभर वापरात आहे. त्यात भाताचं पीक ६३३.१८. लेखकाने काहीही म्हटलेलं असो, कुठल्याही भाषेत असो, पिकाबद्दल असेल तर ह्याच खणात. शिजवायच्या भाताची पुस्तकं ६४१ मध्ये, पार दुसऱ्या टोकाला. भारतातला भात हवा असेल तर कंसात भारताचा अंक जोडायचा: ६३३.१८(५४०). एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध दाखवायचा तर मध्ये विसर्गासारखे दोन टिंब द्यायचे. ही जोडणीची चिन्हं ही त्यांनी घातलेली खरी भर. ड्यूईत पुस्तकाला एक घर मिळतं, इथे नातीही लिहिता येतात.

मुलाने शब्द काय वापरला यापेक्षा त्याला काय हवंय, हे कुणीतरी आधीच समजून ठेवलेलं असतं. ती समज खणात असते.

---

अमेय_७७ | रविवार, दुपारी ३:४०

भाताचं उदाहरण पटलं. आमच्या टीममध्ये हेच काम आम्ही "समानार्थी शब्दांची यादी" म्हणून करतो आणि ती कुणीतरी हातानेच बनवलेली असते, हे तुमच्यामुळे ध्यानात आलं.

---

मुळामुठा | रविवार, सायंकाळी ६:२०

कार्डं जपलीत का, या प्रश्नाला पुण्यातून उत्तर देतो. येरवड्याकडे डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. सु. मं. कत्र्यांनी सुरू केलं. वेदांपासून पुढच्या ग्रंथांतला शब्द, तो कुठे आला, कुठल्या अर्थाने आला, हे एकेका चिठ्ठीवर. चिठ्ठ्या सुमारे एक कोटी! पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि अजूनही काम संपलेलं नाही.

मी तिथे एकदा गेलो होतो. कपाटांच्या रांगांतून चालताना आवाज आपोआप खाली येतो. तिथल्या एका बाईंनी एक चिठ्ठी दाखवली. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र मोत्यासारखं. ती लिहिणारे गृहस्थ त्या तिथे लागायच्या आधीच निवृत्त झाले होते. "त्यांना भेटले नाहीये, पण अक्षरावरून ओळखते. हे कधी चुकत नाहीत," असं त्या म्हणाल्या. तुमच्या बाईंच्या पेन्सिलीवरून ते आठवलं.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:१०

लेख आवडला, पण "सार्वत्रिक" या शब्दाशी माझं भांडण आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. मीही ग्रंथालयशास्त्र शिकलोय. ड्यूईमध्ये धर्माचा २०० चा वर्ग उघडून बघा. २२० ते २८० ख्रिस्ती धर्म, आणि उरलेल्या जगाला २९०. आपले हिंदू, बौद्ध, जैन सगळे २९४ च्या दशांशांत दाटीवाटीने. ओत्लेंनी तेच उचललं. त्यांच्या पद्धतीतला हा कल २००० साली धर्माचा वर्ग नव्याने मांडला तेव्हा कुठे दूर झाला. म्हणजे शंभर वर्षं गेली.

साहित्याचंही तेच. इंग्रजी कादंबरी ८२३, संपलं. मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कादंबरी ८९१.४६३. पुस्तकाच्या पाठीवर आपला अंक मावत नाही, लेबल दुमडून चिकटवावं लागतं. ही लहान गोष्ट नाही. जगाची मांडणी करणारा कुठे बसलाय, ते त्या लांबीत दिसतं.

आणि एक. दलित आत्मकथन आलं की ग्रंथपाल कुठे लावतो? मराठी साहित्यात, चरित्रात, की समाजशास्त्रात? साहित्यात लावलं तर जातीचा अभ्यास करणाऱ्याला सापडत नाही, समाजशास्त्रात लावलं तर ते "साहित्य" नाही असं आपण नकळत ठरवून टाकतो. माझ्या विद्यार्थीदशेत मला हवी असलेली पुस्तकं मी चार वर्षं चुकीच्या रॅकवर शोधली. माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

---

ग्रंथसखी | सोमवार, सकाळी ११:३०

गोदाकाठ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ८९१.४६३ ची लेबलं मीही दुमडलीत, आणि दर वेळी वाईट वाटायचं.

आत्मकथनांबद्दल मात्र थोडं सांगते, कारण कार्डांचा जीव तिथेच होता. पुस्तक एकच असतं, ते एकाच रॅकवर राहणार. कार्डं कितीही करता येतात. आमच्याकडे अशा प्रत्येक पुस्तकाची बाई पाच कार्डं करायच्या: लेखकाचं, नावाचं, आणि विषयाची तीन. मराठी साहित्याच्या खणात एक, चरित्राच्या खणात एक, सामाजिक प्रश्नांच्या खणात एक. शिवाय "हेही पाहा" चं कार्ड वेगळं. रॅक कुठलाही असो, मुलगा ज्या दाराने येईल त्या दारात पुस्तकाचा पत्ता ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. संगणकात नोंदी चढवताना दर पुस्तकाला एकच वर्गांक घेतला गेला, कारण ठेकेदाराला नोंदीमागे पैसे होते. त्या तीन दारांपैकी दोन तेव्हा बुजली. तुम्ही आमच्याकडे आला असतात तर पुस्तकं पहिल्या दिवशी मिळाली असती.

मुंडानेअमविषयीही एक सांगायला हवं. त्यांचे संग्रह एकाच बाजूचे नाहीत. ला फोंतेन यांची बहीण लेओनी स्त्रीहक्कांसाठी झटणारी, तिने १९०९ मध्ये स्त्रियांच्या चळवळीची कागदपत्रं गोळा करणारं कार्यालय काढलं. शांततावादी आणि अराज्यवादी मंडळींचे कागद, पत्रकं, पोस्टर्सही तिथे जपलेली आहेत. एरवी ज्या कागदाला रद्दीवाल्याशिवाय कुणी विचारत नाही, असा कागद.

---

गोदाकाठ | सोमवार, दुपारी १:००

पाच कार्डांची गोष्ट माहीत नव्हती. तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

ग्रंथसखी | सोमवार, दुपारी १:२५

त्या गेल्या हो, सहा वर्षं झाली. कार्डांचं त्यांना कळू दिलं नाही.

---

मीनल_गिरगाव | सोमवार, सायंकाळी ७:४५

या गोष्टीला मुंबईची एक वाट आहे, ती कुणीतरी सांगायला हवी. ओत्लेंचा एक जिवाभावाचा मित्र म्हणजे स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. दोघांची गाठ १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पडली. एडिंबरात गेडिसनी एका मनोऱ्याचंच संग्रहालय केलं होतं: वरच्या मजल्यावरून स्वतःचं शहर बघायचं, आणि एकेक जिना उतरत शहर, देश, भाषा, युरोप, जग असं खाली यायचं. ज्ञान असं डोळ्यांना दिसेल असं मांडायची ओढ दोघांनाही होती.

हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, १९२४ पर्यंत होते. गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले आणि पुढे तो विभाग त्यांनी सांभाळला. म्हणजे आपल्याकडच्या समाजशास्त्राचं मूळ खणत गेलं तर एक धागा थेट ह्या कार्डवाल्या माणसाच्या मित्रापर्यंत जातो.

गेडिसचंही असंच गेलं हो. नगररचनेचं त्यांचं प्रदर्शन, नकाशे, चित्रं, आयुष्यभराची जमवाजमव, १९१४ मध्ये मद्रासला जहाजाने येत होतं. जर्मन युद्धनौका एम्डेनने ते जहाज बुडवलं. त्यांनी मित्रांकडून पुन्हा सामान जमवलं आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलंच. मुलगा युद्धात मारला गेला तो त्यांचाही, १९१७ मध्ये. दोन मित्रांचं दुःखही एकसारखं निघावं!

---

बडोदेकर | मंगळवार, सकाळी ८:३०

सयाजीरावांचं नाव अजून कसं आलं नाही? महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभारलं. बोर्डेननी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण केलं. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. १९१२ पासून ग्रंथालयांवरचं एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी असं तिन्ही भाषांत निघायचं. ब्रसेल्समध्ये ती मंडळी कार्डं लावत होती त्याच सुमारास आपल्याकडेही हे चाललं होतं, एवढं नमूद करतो.

आणि शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची! १८०० ते १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांची एका माणसाने केलेली विषयवार सूची, आणि मग १९५० पर्यंतचा दुसरा भाग. ओत्लेंना जगाचं करायचं होतं, दात्यांनी आपल्या भाषेचं करून दाखवलं.

---

स्केल्डेकाठी | मंगळवार, दुपारी २:१०

मी अँटवर्पला असते आणि हे ठाऊकच नव्हतं, याची हळहळ वाटते. शाळकरी मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का? आणि कसं जायचं?

---

ग्रंथसखी | मंगळवार, दुपारी ४:००

जरूर जा. ब्रसेल्सहून थेट गाडी आहे, तासाभराच्या आत पोचतो. एक लक्षात ठेवा, तुमच्या बाजूच्या स्टेशनांवर पाटीवर मॉन्सऐवजी "बेर्खन" असं डच नाव असू शकतं, जावयांनी सांगितलं म्हणून बरं. संग्रहालय जुन्या गावात, निमी रस्त्यावर. आतली मांडणी चित्रकथाकार फ्राँस्वा स्क्वीतेन यांच्या कल्पनेतली आहे, त्यामुळे मुलं रमतील. प्रदर्शनं बदलत असतात, निघण्याआधी वेळा बघून घ्या. मुलांना आधी एक खेळ द्या: घरातली सगळी पुस्तकं लावायची, पण रंगाने नाही आणि उंचीने नाही. मग तिथले खण दाखवा.

---

साधा_कार्यवाह | बुधवार, रात्री १०:५०

मी इथे एरवी फक्त वाचतो. आज लिहितोय कारण हा धागा वेळेवर सापडला. आमचं गावातलं सार्वजनिक वाचनालय जुनं आहे. कार्डांचं कपाट आहे, छत्तीस खणांचं. येत्या महिन्यात कार्यकारिणीपुढे ते काढायचा विषय आहे, कारण तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी दोन टेबलं मावतील. मुलांची गरजही खरी आहे, त्यांना जिन्यात बसून अभ्यास करताना मी बघतो. ताई, मी काय करू?

---

ग्रंथसखी | गुरुवार, सकाळी ९:१५

कार्यवाह, तुमचा निरोप वाचून रात्रभर झोप नाही.

टेबलं येऊ द्या. कपाट हॉलमधून हलवा, कार्यालयात, वरच्या मजल्यावर, कुठेही, फक्त भिंतीला ओल नको आणि छत गळकं नको. सभेआधी मात्र एक काम उरका: कार्डांना वहीत घ्या. दाखल नोंदवहीत "तालिका कार्डे, ३६ खण" अशी एक ओळ, एक क्रमांक, सहीसह. एकदा क्रमांक पडला की ठरावाशिवाय कुणाला हात लावता येणार नाही. आमच्याकडे ही एक ओळ नव्हती.

मग प्रत्येक खणाचे फोटो. दोन मुलं, एक मोबाइल, रविवारच्या सकाळी. पुढची बाजू आणि मागची, दोन्ही. मागची विसरू नका.

---

साधा_कार्यवाह | गुरुवार, रात्री ९:३०

आज संध्याकाळी ओळ लिहिली, अध्यक्षांची सही घेतली. मुलंही तयार आहेत, तीच, जिन्यातली. एक अडचण. खणाच्या तळाशी कार्डांतून जी लोखंडी सळई जाते ती गंजलीये, पुढची फिरकी निघतच नाही. तेल घालू का?

---

ग्रंथसखी | गुरुवार, रात्री ९:४०

तेल अजिबात नको, कार्डांना डाग पडतील. सळई काढायची गरजच नाही. ती कार्डं कुणी उचलून नेऊ नयेत म्हणूनच असते, पण तिच्यावर कार्डं पुढे-मागे होतात. मागचा लाकडी ठोकळा थोडा सरकवा, म्हणजे कार्डं सैल होतील. मग एका मुलाने कार्ड बोटाने पुढे कलतं धरायचं आणि दुसऱ्याने वरून फोटो घ्यायचा. पहिल्या खणापासून सुरू करा, आणि मागे पेन्सिलीचं काही दिसलं तर मला लगेच कळवा.